अठ्ठेचाळीस भोकं आणि एक सही

कुठलंही जुनं फॉल सीलिंग उघडा, वर काय काय सापडतं! बिडीची थोटकं, चहाचे कागदी कप, हरवलेला स्क्रू ड्रायव्हर. एकदा तर मला डाव्या पायाची चप्पल सापडली होती. तिथं मुद्दाम कुणी काही ठेवत नाही, पण साठत जातं. आमचे किस्सेही तसेच साठलेत. चार माणसं चहाला बसली आणि कुणी वरची एक फळी सरकवली, की धबाधबा खाली पडायला लागतात.

मी वसंत, राहणार कुसगाव. तीस वर्षं वायरमनचं काम करतोय, लायसन आहे. डोकं जरा गरम आहे. बायको म्हणते, "घरभर एमसीबी बसवत फिरता, एक तुमच्या डोक्यालाही बसवा, तापलं की आपोआप बंद होईल!"

माझ्याबरोबर दोघं असतात. एक शब्बीरभाई, लोणावळ्याचे, छताचे मिस्त्री. साठीला आलेत, पण घोड्यावर असे चढतात की तरण्या पोरानं लाजावं. (घोडा म्हणजे आमची उभी शिडी. उगाच वरात डोळ्यासमोर आणू नका.) दुसरा बबन, औंढ्याचा. पावसाळ्यात भातलावणी, एरवी माझ्याबरोबर लाइट फिटिंग. मनानं निर्मळ, आणि विचारलं की मनात असेल ते बोलणार. ह्या दुसऱ्या गुणामुळं निम्मे किस्से झालेत.

हे जे सांगतोय ते सगळं साधारण एकाच कामावरचं. कुसगावला सुरेशशेठनं एक जुना बंगला घेऊन त्याचं हॉटेल केलं. वर खोल्या, त्यांची जमीन लाकडी. खाली कार्यक्रमांचा हॉल. लाकूड वर म्हणून खाली साधं छत चालत नाही, आगीला अडवणारं छत लागतं. गुलाबी बोर्ड, दोन थर, वजनाला भारी. आम्ही गेलो तेव्हा ते चढवून झालेलं होतं, आणि असलं छत आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. तिथूनच सगळं सुरू झालं.

*

पहिल्या दिवशी इंजिनिअर मॅडम यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. आम्ही म्हटलं, बसून काय करायचं? नकाशात सहा ओळी, ओळीत आठ लाइट, छताच्या आत बसणारे. बबननं ड्रिलला गोल कटर लावला आणि सुटला. संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस भोकं, सगळी एका रेषेत! आम्ही तिघं खाली उभं राहून मान वर करून कौतुक करत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. नाव ऋतुजा, तळेगावच्या. वय सव्वीस-सत्तावीस, डोक्यावर हेल्मेट, हातात वही. आत आल्या, वर बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"हे कुणी केलं?"

शाळेत बक्षिसाला नाव पुकारल्यावर पोरं जसा हात वर करतात तसा बबननं हात वर केला. "आमीच, मॅडम! एका दिसात!"

मॅडम चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बबनभाऊ, हे साधं छत नाही. खाली आग लागली, तर वरची माणसं बाहेर पडेपर्यंत ह्यानं एक तास आग अडवायची. भोक पडलं की आग तिथून सरळ वर. आता तुम्हीच सांगा, हे छत किती टिकेल?"

बबननं वर बघून मनापासून हिशोब केला.

"पावसाळा तर आरामात काढंल की!"

मी आणि शब्बीरभाई दुसरीकडं तोंड करून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत, हे आम्हाला पुढं कळलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, प्रत्येक लाइटवर आतल्या बाजूनं एक खास टोपी बसणार. आगीच्या धगीनं ती फुगते आणि भोक बुजवते. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस टोप्या बसल्या, की शेवटी कागदावर त्यांची सही. सही झाल्याशिवाय हॉल उघडायचा नाही.

त्यांची ती स्वतंत्रपणे सांभाळायची पहिलीच साइट. उद्या काही झालं तर पोलीस आधी त्यांचं दार ठोठावणार. तळेगावात आईवडील आणि शिकणारा भाऊ, घर त्यांच्या पगारावर. हे सगळं आम्हाला हळूहळू समजलं. त्या दिवशी मी मात्र शब्बीरभाईंना म्हणालो होतो, "ही पोरगी आपल्याला छळणार!"

*

छळलंच म्हणा. नमुन्याच्या बारा टोप्या आधी आल्या. त्या व्हरांड्यात बसवायच्या आणि लाइट बंद करायच्या आधी प्रत्येक टोपीचा फोटो काढून मॅडमना पाठवायचा. काम शब्बीरभाईंकडं.

संध्याकाळी मॅडम मोबाइल घेऊन आल्या. चेहरा गंभीर.

"चाचा, हे काय पाठवलंय?"

बारा फोटो. प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात टोपी आणि बाकी सगळे शब्बीरभाई! एकात दाढी, एकात फक्त कपाळ, एकात छान हसलेले.

"मॅडम, तुम्हीच बोललात ना, फोटो पायजे म्हणून."

"टोपीचा हवा होता, चाचा. तुमचा नाही."

"मग बसवली कुणी, ते कसं समजणार?" शब्बीरभाई म्हणाले. "उद्या खराब निघाली तर तुम्ही माझा चेहरा बघून मला शिव्या द्यायच्या. चेहराच नसला तर शिव्या कुणाला देणार?"

मॅडमनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा नियम लागला: फोटोत टोपी दिसली पाहिजे आणि बसवणाऱ्याचा चेहराही दिसला पाहिजे!

मलाही सोडलं नाही. माझे सगळे फोटो असे आलेत, जणू पोलिसांनी काढलेत. बबननं मात्र त्या दिवसापासून नवा शर्ट घालून यायला सुरुवात केली.

*

मॅडमनी एकदा आम्हाला प्रयोग करून दाखवला. हॉटेलच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवून चिमट्यात टोपीचा तुकडा धरला. बघता बघता तो पावासारखा फुगला. मग त्याच ज्योतीवर साध्या लाइटची फिटिंग धरली, ती दोन मिनिटांत वितळून गेली. "वर लाकूड, गवत, पेंढा, काहीही असलं तर मग विचारूच नका," त्या म्हणाल्या.

बबन त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा आला.

"कुठं होतास रे?"

"घरी हुतो, भाऊ. लाइटला टोप्या घालत हुतो."

बबनचं औंढ्यातलं घर मी पाहिलंय. खाली माणसं, वर फळ्यांचा माळा, माळ्यावर इंद्रायणी भाताचा पेंढा. मागच्या दिवाळीला हॉटेलमधल्यासारखे दोन लाइट त्यानं हौसेनं त्या फळ्यांत बसवले होते. आणि आता रात्रभर विचार करून दोन्ही लाइटवर मातीच्या कुंड्या पालथ्या घातल्या होत्या! कुंड्या बायकोच्या. त्यातली जास्वंदी उपटून अंगणात ठेवलेली.

"मातीला काय आग लागती व्हय?" तो मला म्हणाला. "चूल मातीचीच असती की!"

मी पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीतच. त्यांनी त्याला बाजूला बसवून समजावलं, कुंडीत लाइटची उष्णता कोंडते, लाइटच जळेल, त्यापेक्षा पेंढा हलवा. लाइट दोन दिवसांत जळलेच. त्या रविवारी बबननं गोठ्याशेजारी वेगळा मांडव घालून सगळा पेंढा तिथं रचला. बायकोची जास्वंद परत कुंडीत गेली, पण ती काही जगली नाही. आजही बबन जरा मोठ्या आवाजात बोलला, की वहिनी विचारते, "माझी जास्वंदी कुटं गेली?" आणि बबन गप्प!

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती, आज सांगतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माझ्याच स्वयंपाकघराच्या छतातला लाइट खाली ओढून बघितला. वर मीच कधीतरी कोंबलेला गोणपाटाचा तुकडा होता, पाली येऊ नयेत म्हणून! तीस वर्षं मुरलेला लायसनवाला वायरमन. मला माझीच लाज वाटली.

*

मधे चार दिवस त्या हॉटेलचं काम थांबलं, म्हणून लोहगडवाडीच्या रस्त्याला एका बंगल्याचं काम बघायला गेलो. बंगल्याचे साहेब शहरातले. दहा बाय दहाची बेडरूम, आणि छतात सत्तर लाइट पाहिजेत!

"सत्तर?" मी विचारलं.

"स्टार्स पाहिजेत मला," साहेब म्हणाले. "बेडवर पडल्यावर असं वाटलं पाहिजे, की वर मोकळं आकाश आहे. शहरात कुठे मिळतं ते? त्यासाठीच तर इथे घर घेतलं!"

शब्बीरभाईंनी छताकडं बघितलं. मग खिडकीतून बाहेर, गडाकडं बघितलं. मग अदबीनं म्हणाले,

"साहेब, मग छतच काढून टाकू का? फुकटात काम होईल!"

ते काम आम्हाला मिळालं नाही.

*

शब्बीरभाईंची एक जुनी सवय आहे. वरचे लोखंडी चॅनेल कुठं आहेत हे ते मशीननं शोधत नाहीत. बोट मुडपून छतावर टकटक करतात, कान लावतात आणि पेन्सिलनं खूण करतात. बोर्ड पोकळ वाजतो, चॅनेल ठस्स वाजतो.

हॉलमध्ये एकदा असंच टकटक चालू होतं. दोन टकटक केल्या. वरून दोन टकटक आल्या.

शब्बीरभाईंनी हात मागं घेतला. मग पुन्हा तीन टकटक. वरून तीन!

"भाई, खाली या!" बबन ओरडला. "वर कायतरी हाय!"

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. वरच्या खोलीतले एक आजोबा खाली उतरले. रेल्वेत गार्ड होते. नोकरीत असताना लोणावळ्याला त्यांची गाडी थांबायची, म्हणून रिटायर झाल्यावर दरवर्षी बायकोला घेऊन इथं चार दिवस राहायला यायचे. ह्या वर्षी एकटेच आले होते.

"खालून कोण हाक मारतंय?" त्यांनी विचारलं.

मी माफी मागायला पुढं झालो, "साहेब, त्रास झाला का? कामाचा आवाज..."

"छे हो, त्रास कसला!" ते म्हणाले. "दोन दिवस झाले, खोलीत कुणाचा आवाज नाही. कुणीतरी ठोकलं, बरं वाटलं. म्हणून उत्तर दिलं."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "आजोबा, तुमचा पलंग कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी काठीनं वर दाखवलं. तिसऱ्या ओळीतल्या उघड्या भोकाच्या बरोबर वर!

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथं व्यवस्थापकाला बोलावून हॉलवरच्या सगळ्या खोल्या बंद करायला लावल्या आणि आजोबांना पलीकडच्या, फरशीच्या जमिनीच्या बाजूला खोली द्यायला सांगितली. व्यवस्थापक कुरकुरला, सीझन आहे म्हणाला. मॅडम ऐकेनात. आजोबाही कुरकुरले.

"तिकडं गेल्यावर मग ठोकणार कोण?"

पुढं ते होते तितके दिवस रोज सकाळी दहाला शब्बीरभाई चहाचे दोन कप घेऊन पलीकडं जायचे आणि त्यांच्या दारावर तीन टकटक करायचे. आतून तीन टकटक यायच्या, मगच दार उघडायचं. अर्धा तास काम बंद. मॅडमनी कधी विचारलं नाही. मीही नाही. एवढं पुण्य माझ्या गरम डोक्याच्या खात्यावर लिहून ठेवा!

*

आता हॉलच्या टोप्या. मॅडमनी दिलेल्या यादीतल्या टोप्या शेठना नको होत्या. "आमच्या मेव्हण्याच्या दुकानात तश्शाच मिळतात," म्हणून त्यांनी एक खोकं आणलं. खोक्यावर ज्वाळेचं चित्र, लाल अक्षरं, सगळं कसं झकास!

मॅडमनी एक टोपी काढली, उलटसुलट बघितली आणि बबनकडं लायटर मागितला.

"मी बिडी सोडलीय, मॅडम," बबन म्हणाला, आणि खिशातून लायटर काढून दिला.

मॅडमनी टोपीखाली लायटर धरला. फुगणं राहिलं बाजूला, टोपी ठिबकायलाच लागली! जळता थेंब टपकन पडला तो शेठच्या नव्या पांढऱ्या बुटावर. शेठ एका पायावर नाचले.

"शेठ, ही आग अडवत नाही," मॅडम म्हणाल्या. "ही आगीला रस्ता दाखवते."

बबननं खोक्यावरचं चित्र पुन्हा एकदा नीट बघितलं.

"पण त्यांनी खोटं कुटं लिवलंय? आग लागलेलीच दावलीय की चित्रात!"

*

आणि आता सगळ्यात भारी किस्सा.

खऱ्या टोप्यांची ऑर्डर त्या खोक्याच्या भानगडीनं उशिरा गेली. यायला अजून तीन आठवडे. आणि शेठच्या पुतणीचा साखरपुडा त्याच हॉलमध्ये, येत्या रविवारी सकाळी अकराला! पत्रिका वाटायला सुरुवात झालेली.

बुधवारी शेठ आले. "मॅडम, सही करून टाका. टोप्या मागनं बसवू."

"टोपी नाही तर सही नाही, शेठ."

"अहो, वर कोण बघतंय?"

मॅडमनी वही मिटली. शेठही मग आवाज न चढवता म्हणाले, "तुमच्या ऑफिसशी माझं बोलणं झालंय. रविवारी सकाळपर्यंत सही पाहिजे. नाहीतर ते दुसरा माणूस पाठवतील. तो सही करेल. तुम्हाला मग यायची गरज नाही. ना इथं, ना ऑफिसात."

शेठ गेले. मॅडम पायरीवर बसल्या. डबा उघडला, तसाच बंद केला. मी पाणी नेऊन दिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले पाहिले. खरं सांगतो, माझ्या पोरीच्या वयाची ती, आणि सुरुवातीला मी तिला किती नावं ठेवली होती!

"सही केली तर अठ्ठेचाळीस भोकांवर माझं नाव," त्या म्हणाल्या. "नाही केली तर दुसरा कुणीतरी करेल, भोकं तशीच राहतील आणि मी घरी बसेन. काका, दोन्हीकडून मीच."

शब्बीरभाई शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडम, छताला भोकंच नसती तर?"

"नसती तर प्रश्नच नव्हता, चाचा. पण आहेत ना."

त्या उठल्या, आणि ऑफिसला समजावून बघते म्हणून पुण्याला गेल्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिकडंच. शेठ पत्रिका वाटत गावोगाव. हॉलमध्ये आम्ही तिघंच.

व्हरांड्यात बबननं एकदा चुकीच्या जागी भोक पाडलं होतं, तेव्हा मॅडमनी भिंतीवर एक कागद चिकटवला होता: चुकून भोक पडलं तर ते कसं बुजवायचं. मागून कुठल्या बोर्डाचा केवढा तुकडा, किती स्क्रू, वरून कुठला मसाला, एकेक पायरी लिहिलेली. शब्बीरभाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला.

"वसंता," ते म्हणाले, "ह्यात किती भोकांपर्यंत चालतं ते काही लिहिलेलं नाही."

मी एकदा कागदाकडं, एकदा छताकडं बघितलं. मग मेन स्विच पाडला.

गुरुवारी मी आणि बबननं सगळे लाइट उतरवले, वायरीची टोकं बंद डब्यांत नीट झाकली. शब्बीरभाईंनी उरलेल्या गुलाबी बोर्डाचे तुकडे कापले. शुक्रवारी दुपारपर्यंत भोकं बुजली. प्रत्येकाचे टप्प्याटप्प्यानं फोटो, चेहऱ्यासकट. शनिवारी घासून पुसून रंग. शब्बीरभाईंचे हात खांद्यापासून भरून आले होते, बबननं तेल लावून चोळून दिले. संध्याकाळी बबन गावातल्या मांडववाल्याकडून उभे दिवे घेऊन आला आणि हॉलच्या चार कोपऱ्यांत लावून ठेवले. मॅडमना फोन करायचा नाही, असं आमचं ठरलं. का, ते विचारू नका. कुणाला धीरच झाला नाही म्हणा.

रविवारी सकाळी मॅडम आल्या. चेहरा सुकलेला, ऑफिसनं काय सांगितलं ते दिसतच होतं. हातात एक बंद पाकीट. नोकरी सोडल्याचं पत्र असणार, मी ओळखलं. आत आल्या आल्या बोट वर करून भोकं मोजायची त्यांना सवय लागली होती, टोप्यांचा हिशोब ठेवायला. सवयीनं बोट वर गेलं. पहिल्या ओळीवर फिरलं. दुसऱ्या ओळीवर फिरलं. मग तसंच हवेत राहिलं.

शब्बीरभाईंनी काही न बोलता मोबाइल त्यांच्या हातात दिला. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि एकेक फोटो बघायला लागल्या. अठ्ठेचाळीस भोकांचे सगळे फोटो, एकही न सोडता. मधे एकदा उठून घोड्यावर चढल्या, छतावर चार ठिकाणी बोट मुडपून टकटक केली, एका जागी रंग खरवडून बघितला. खाली उतरल्या. पाकीट फाडून पर्समध्ये टाकलं. वहीतून सहीचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. पेनाला टोपण लावलं. बबन भिंतीकडं तोंड करून उभा होता, नाक ओढत. मी उगाच टेस्टर पुसत बसलो.

साडेदहाला शेठ आले. नवा कोट, मागं व्याही, पाहुणे, फुलांच्या टोपल्या. शेठचे वडील आबा आधीच येऊन पहिल्या रांगेत बसले होते. शेठनं ऐटीत दारातलं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग वर बघितलं.

"लाइट! लाइट कुठं गेले? अठ्ठेचाळीस लाइट होते हितं!"

मॅडमनी पुढं होऊन कागद त्यांच्या हातात दिला. "सही केलीय, शेठ. छत एक तास टिकेल. टोप्या आल्या, की लाइट येतील."

आणि त्या हसल्या! आम्ही तिघांनीही पाहिलं.

शेठ लालबुंद. एकदा कागद बघतायत, एकदा छत, एकदा व्याही. आवाज दाबून आमच्यावर ओरडले, "अरे, पाहुण्यांनी वर बघितलं म्हणजे काय सांगू मी त्यांना?"

आबा टोपी सारखी करत खुर्चीवरून उठले. लेकाकडं बघून म्हणाले,

"सुऱ्या, वर बगून कोन जेवतंय व्हय? पानं वाढा!"